मुलीची की मुलींची?

सहावीच्या वर्गात आम्ही इंग्रजीतले अनेकवचन शिकवत होतो. फळ्यावर गोट लिहिले, वर्ग एका सुरात “गोट्स” म्हणाला. आमच्या जिल्ह्यात शेळी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मग शीप लिहिले. वर्ग म्हणाला, “शीप्स!” आम्ही म्हटले, नाही. एक मेंढी असली तरी शीप आणि चाळीस असल्या तरी शीप. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे अब्बा शेळ्यामेंढ्यांची खरेदी-विक्री करतात आणि बाजारच्या दिवशी हा गडी वर्गात हमखास नसतो. तो म्हणाला, “सर, एक बी शीप, चालीस बी शीप? फिर सौदा करते वक्त कैसा बोलना?”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण प्रश्न व्यापाऱ्याच्या मुलाचा होता आणि अगदी रास्त होता. उत्तर आम्हाला त्या दिवशी सुचले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला विचारले, “बाजारात अब्बा मराठीत बोलतात ना? एक बैल विकला तर काय म्हणतात?” “एक बैल.” “चार विकले तर?” “चार बैल.” तो क्षणभर थांबला आणि मग जोरात म्हणाला, “सर, बैल बी शीपच है!”

शीप हा शब्द तो आता जन्मात विसरणार नाही. इंग्रजांनी मेंढीच्या बाबतीत जे केले तेच मराठीने बैल, दगड आणि उंदराच्या बाबतीत केले आहे, एवढे त्याला स्वतःचे स्वतःला सापडले. गंमत म्हणजे मराठीतला उंदीर एक काय नि दहा काय, उंदीरच राहतो. इंग्रजीत मात्र माउसचे माइस होते. मेंढीला मोकळे सोडले आणि उंदराला पकडले, असा त्यांचा कारभार!

त्याच वर्षी आठवीत एक मुलगी होती. उर्दूत पहिली, मराठीत चांगली, इंग्रजीत घटक चाचणीला वीसपैकी तीन. तिच्या वडिलांचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले होते आणि घर व किराणा दुकान चाचा पाहत होते. चाचा एके दिवशी शाळेत आले ते तिचा दाखला मागायलाच. “अंग्रेजी उसके बस की नहीं सर. आठवीं बस हो गई.” आम्ही त्यांना दुसऱ्या चाचणीपर्यंत थांबा म्हणून विनंती केली. ते नाराजीनेच गेले. मग आम्ही तिचा पेपर पुन्हा काढून पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. लाल शाईने सगळीकडे फुल्या मारल्या होत्या, पण कोणती चूक कशी झाली याचा एक शब्दही आम्ही लिहिला नव्हता.

तिने काय लिहिले होते? तीन पेनांना तिने इंग्रजी अक्षरांत “थ्री पेनां” लिहिले होते. दोन मुलांना “टू चिल्ड्रन्स”. शिक्षक येत आहेत या वाक्यात टीचर आणि एस यांच्यामध्ये तो वर टांगलेला स्वल्पविराम दिला होता, ज्याला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात आणि आमची मुले “लटकता कॉमा” म्हणतात. उलट जिथे तो हवा होता तिथे “माय सिस्टर बुक” लिहून मोकळी झाली होती. थ्री पेनां ही चूक खरी, पण ती अज्ञानातून आलेली नाही. आपल्या घरात लोगां, बातां, किताबां म्हणतात. मराठवाड्यातली मुसलमान आजी टीचरां आणि बसांही सहज म्हणते. दखनीचा अनेकवचनाचा नियम त्या मुलीने इंग्रजी शब्दाला अचूक लावला होता. व्याकरण तिला येत होते, ते दुसऱ्या घरचे होते एवढेच.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. आज उर्दू शाळेतले मूलही लहानपणापासून उर्दू, मराठी आणि इंग्रजी शिकते, शिवाय सकाळी मकतबमध्ये अरबी वाचते आणि घरी दखनी बोलते. लोक म्हणतात, केवढे ओझे! आम्हीही म्हणायचो. आता वाटते, ओझे म्हणण्यापेक्षा ही पुंजी आहे. ती मोडून खर्च कशी करायची हे मात्र कोणी शिकवत नाही.

अनेकवचनाचेच घ्या. पुस्तकात नियम असतात: साधारणपणे एस लावा. स, श, च, क्स असा आवाज शेवटी आला तर ईएस लावा, म्हणजे बसचे बसेस, ब्रशचे ब्रशेस. शेवटी वाय असून त्याच्या अलीकडे व्यंजन असेल तर वाय काढून आयईएस करा, जसे बेबी. पण बॉयमध्ये वायच्या अलीकडे स्वर आहे, म्हणून तिथे नुसता एस. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे, मुले घोकतात आणि त्यात विशेष काही अडत नाही. एक गोष्ट मात्र पुस्तक सांगत नाही. हा एस प्रत्येक वेळी स उच्चारला जात नाही. कॅट्स, बुक्स, कप्स यांत तो स आहे. डॉग, पेन, गर्ल यांच्यापुढे तो ज़ होतो. आणि आपल्या मुलांच्या जिभेवर ज़ आहे! ज़मीन, नमाज़, रोज़ा म्हणणाऱ्या मुलाला पेन्ज़ म्हणायला काय कष्ट? आम्ही वर्गात “जीम नहीं, ज़े” एवढेच म्हणतो आणि काम होते.

खरी रंगत येते ती नियम मोडणाऱ्या शब्दांत. मॅनचे मेन, फुटचे फीट, टूथचे टीथ. शब्दाच्या शेवटी काहीच लागत नाही, आतला स्वरच बदलतो. मराठी माध्यमाच्या मुलांना हे विचित्र वाटते. उर्दूच्या मुलांना वाटायला नको, कारण ते रोज किताबचे कुतुब, शायरचे शोअरा, मस्जिदचे मसाजिद करतात. अरबीत शब्द आतून मोडून नवा बांधतात, म्हणून त्याला जमा मुकस्सर, म्हणजे मोडलेले अनेकवचन म्हणतात. “मॅन-मेन म्हणजे अंग्रेजी की जमा मुकस्सर,” असे एकदा सांगितले की पुरे. तसेच ऑक्सचे ऑक्सन. फारसीत बुजुर्गचे बुजुर्गान होते. या दोन न-कारांचे एकमेकांशी काही नाते आहे असा आमचा दावा नाही, पण मुलाच्या लक्षात राहायला तेवढा आधार पुरतो.

चिल्ड्रनची कथा तर ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत चाइल्डचे अनेकवचन चिल्डर असे झाले होते. पुढच्या पिढ्यांना त्यात अनेकवचन दिसेना, म्हणून त्यांनी त्याला ऑक्सनसारखा आणखी एक न जोडला. म्हणजे चिल्ड्रन हे मुळातच दोनदा केलेले अनेकवचन आहे. आमच्या आठवीतल्या मुलीने त्याला तिसरा एस लावला एवढाच तिचा गुन्हा!

आणि हा गुन्हा आपण सगळेच करतो. लेडीज हा शब्द अनेकवचनी आहे, पण एसटीत “एक लेडीज बसू द्या” असेच म्हणतात. अरबीतून आलेल्या शब्दांचेही तेच झाले. नवाब हे मूळ नायबचे अनेकवचन, उमराव हे अमीरचे, औलाद हे वलदचे. सरकारी कचेरीत जो अहवाल सादर होतो तो हालचे अनेकवचन आहे, आणि अफवा या शब्दाचा मूळ अर्थ आहे तोंडे. (एक तोंड असते तर अफवा झालीच नसती.) आमचा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उर्दू राज्यकारभाराची भाषा होती आणि आजोबांच्या पिढीतली कित्येक हिंदू मंडळीही उर्दूतच शिकली. त्यामुळे हे शब्द इकडे कोणालाच परके वाटत नाहीत, फक्त ते एक होते की अनेक, हे विसरले गेले.

याच संदर्भात एक इशारा. मॅनचे मेन शिकल्यावर मुले जर्मनचे जर्मेन करतात. जर्मन या शब्दात मॅन नाही, म्हणून त्याचे जर्मन्स होते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आपल्याला मुसलमान म्हटलेले असते, त्याचेही अनेकवचन मुसलमान्स आहे, मुसलमेन नव्हे. हे सांगितल्यावर वर्गात जो हशा पिकतो तो थांबवण्यात पाच मिनिटे जातात.

करडाला इंग्रजीत किड म्हणतात आणि लाडाने मुलालाही किडच म्हणतात, यावरून शेळीवाल्या मुलाला त्याचे मित्र महिनाभर चिडवत होते. त्याने एके दिवशी विचारले की उस्मानाबादी शेळी इंग्रजीत लिहिताना लटकता कॉमा लागतो का. प्रश्न चांगला होता. 2023 साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, पण शेळीच्या जातीचे नाव उस्मानाबादीच आहे. त्यातली शेवटची ई ही आपल्याकडची नातेदर्शक ई आहे, जी दखनी, पुणेरी, हैदराबादीमध्ये दिसते. ती असताना मालकी दाखवायला वेगळा कॉमा लागत नाही.

आता त्या लटकत्या कॉमाकडेच येऊ, कारण मुलांचे निम्मे मार्क तिथेच जातात.

अनेकवचनाला कॉमा नाही आणि मालकीला कॉमा आहे, हे पहिले सूत्र. टू बुक्स, थ्री टीचर्स, इथे कॉमा नको. सलमाची वही असेल तर सलमा, मग कॉमा, मग एस: सलमा’स नोटबुक. (इथे आम्ही देवनागरीत लिहीत आहोत, वहीत अर्थातच इंग्रजी अक्षरे येतील.) मराठीत आणि उर्दूत वस्तू पाहून प्रत्यय बदलावा लागतो: सलमाचा भाऊ, सलमाची वही, सलमाचे घर, सलमा का भाई, सलमा की कापी. इंग्रजीत भाऊ असो, वही असो, घर असो, तोच एस. इंग्रजी इथे आपल्यापेक्षा सोपी आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावे. त्यांना कोणी कधी इंग्रजी सोपी आहे असे सांगितलेलेच नसते.

मालकी दाखवायची दुसरी वाट ऑफची. निर्जीव वस्तूंना बहुधा ती वापरतात: दि डोअर ऑफ दि रूम. इथे मालक शेवटी येतो आणि मुले गोंधळतात. पण उर्दूच्या मुलांना दीवान-ए-ग़ालिब माहीत आहे, तिथेही मालक शेवटीच आहे. इतकेच काय, आपली नावेच पाहा. अब्दुल्लाह म्हणजे अल्लाहचा बंदा. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गाह आहे. त्यातले शमसुद्दीन म्हणजे दीनचा सूर्य, दि सन ऑफ दि फेथ. मुलांना आपापल्या नावाचा असा अर्थ लावायला सांगितले की अर्धा वर्ग ऑफ शिकून मोकळा होतो. ज्यांच्या नावात तसे काही नसते ती मुले हिरमुसतात, त्यांना वडिलांचे नाव घ्यायला सांगावे.

नावावरून आठवले. युनूस, इलियास, अब्बास, इद्रीस या मुलांची अडचण वेगळी. त्यांच्या नावाच्या शेवटी आधीच एस आहे. युनूसचे घर लिहिताना नुसता कॉमा द्यायचा की पुढे आणखी एस? इंग्रज दोन्ही चालवून घेतात. आम्ही कॉमा आणि एस दोन्ही लिहायला सांगतो, कारण तोंडाने आपण युनूसेस असेच म्हणणार. आणि मी, तू, तो यांना कॉमा लागतच नाही: माय, युअर, हिज, अवर, इट्स. आपण तरी “मैं का घर” किंवा “मीचे घर” कुठे म्हणतो? मेरा, माझे म्हणतो. तो स्वतःतच मालकी घेऊन आलेला शब्द आहे. इट्सवर कॉमा दिसला तर त्याचा अर्थ इट इज.

पण सर्वांत मोठा घोळ आहे तो कॉमा एसच्या आधी की नंतर याचा. गर्ल’स म्हणजे एका मुलीचे, गर्ल्स’ म्हणजे अनेक मुलींचे. बोलताना दोन्ही एकसारखेच ऐकू येतात. कितीतरी वर्षे आम्ही हा नियम फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवून घेतला, आणि परीक्षेत कॉमा चिठ्ठी टाकून ठरवला.

त्या आठवीच्या मुलीसाठी म्हणून आम्ही दुपारच्या सुट्टीत बसायला लागलो आणि तिच्यामुळेच आम्हाला वाट सापडली. ती मराठीचे शुद्धलेखन तपासत होती. ‘मुलीची शाळा’ हे शब्द तिने खोडून ‘मुलींची शाळा’ केले. टिंब दिले फक्त. आम्ही विचारले, काय फरक पडला? ती म्हणाली, “पहले एक लड़की थी सर, अब सब लड़कियाँ आ गईं.” आम्ही तिथेच थबकलो. इंग्रजीतला कॉमा जे काम सरकून करतो, तेच काम मराठीतले हे टिंब करते. आणि उर्दूत? लड़की की, लड़कियों की. शेवटी नून गुन्ना, म्हणजे तोच नाकातला आवाज. मराठी आणि उर्दू दोघी बहिणी इथे एकाच नाकाने बोलतात.

तेव्हापासून वर्गातला नियम असा झाला: आधी मराठीत किंवा उर्दूत म्हणा, आवाज नाकातून आला तर कॉमा एसच्या नंतर, नाही आला तर आधी. भावाची सायकल, कॉमा आधी. भावांची सायकल, कॉमा नंतर. इंग्रजी न येणारी अम्मीसुद्धा स्वयंपाक करता करता हे तपासू शकते. तिने फक्त विचारायचे, “एक का है या बहुतों का?”

नाक दोन ठिकाणी फसवते, तेही सांगितले पाहिजे. एक म्हणजे चिल्ड्रन, मेन, वुमेन. हे अनेकवचनी आहेत, पण शेवटी एस नाही. मग कॉमा कशाच्या नंतर देणार? म्हणून इथे आधी कॉमा आणि मग एस: चिल्ड्रन’स, वुमेन’स. दुसरी फसगत आदराची. मराठीत आपण अब्बांचे दुकान, सरांची सायकल म्हणतो. अब्बा एकच आहेत, टिंब अदबीचे आहे. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही, तिथे अब्बा एकच राहतात, फादर’स शॉप. मुले “माय फादर आर कमिंग” लिहितात ते याच अदबीपायी. आम्ही एकटे असून या लेखभर आम्ही-आम्ही करत आहोत, तेव्हा त्यांना काय बोलणार!

वाचकांपैकी कोणाला वाटेल, एवढ्याशा कॉमाचे कसले कौतुक? इंग्रजांच्या देशातही हे भांडण चालू आहे. 2009 साली बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने रस्त्यांच्या पाट्यांवरून हा कॉमा हद्दपार केला. तिकडे 2001 साली एका निवृत्त पत्रकाराने या कॉमाच्या रक्षणासाठी संस्था काढली होती, ती त्यांनी 2019 साली वयाच्या 96व्या वर्षी बंद केल्याचे जाहीर केले. अमेरिकेत नकाशावरच्या गावांच्या नावांत तो बहुतेक ठिकाणी टाळतातच. आपल्याकडच्या लग्नपत्रिकांवर मात्र तो नको तिथे येतो. पत्रिकेच्या तळाशी शेख कुटुंब असे इंग्रजीत लिहायचे असते आणि छपाईवाला शेखच्या पुढे कॉमा देऊन एस लावतो. म्हणजे एका शेखची काहीतरी वस्तू, पण कोणती ते लिहायचे राहिले! त्यापेक्षा सरळ शेख फॅमिली लिहावे. सासूचे अनेकवचन विचाराल तर मदर्स-इन-लॉ. तिथे एस मदरला लागतो, लॉला नाही. एकीलाच सांभाळताना नाकी नऊ येतात, असे वर्गातल्या मुलींना त्यांच्या अम्मींनी सांगितले असावे, कारण हा शब्द त्या खुदुखुदु हसत लिहितात.

पालकसभेची इंग्रजी सूचना काढताना आमचीही एकदा गफलत झाली. पेरेंट्सचा कॉमा एसच्या आधी पडला, म्हणजे एकाच पालकाची सभा. कोणाच्या लक्षात आले नाही. सभेलाही नेहमीप्रमाणे प्रत्येक घरातून एकटी अम्मीच आली, त्यामुळे कॉमा बरोबर ठरला.

पालकांसाठी उर्दूत शब्द आहे वालिदैन. मकतबमध्ये शिकणाऱ्या मुलांना आम्ही विचारले, वालिदैन म्हणजे किती? “दो.” हरमैन? “दो, मक्का और मदीना.” ईदैन? “दो.” इंग्रजीत आणि मराठीत एकवचन संपले की थेट अनेकवचन. अरबीत मध्ये दोनासाठी वेगळे घर आहे, त्याला तसनिया म्हणतात. संस्कृतमध्येही द्विवचन होते. मराठीने ते ठेवले नाही. शेळीवाल्याने लगेच सांगितले की उस्मानाबादी शेळी पुष्कळदा एका वेताला दोन करडे देते, तर अरबांचे बरोबर आहे.

तेव्हा आठवीतल्या त्या मुलीने विचारले, “सर, एक और बहुत के बीच में दो कायकू चाहिए?” मसले सांगणे हे आमचे काम नव्हे, ते आलिमांनी सांगावेत. पण या प्रश्नाला एक जुनी हकीकत आम्हाला माहीत होती, ती सांगितली. हजरत साद बिन रबी (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. मुलींच्या चुलत्याने सगळी मालमत्ता आपल्याकडे घेतली होती. त्यानंतर सूरह निसामधली वारशाची आयत अवतरली. मुलगा नसेल आणि एकच मुलगी असेल तर तिला निम्मा हिस्सा, मुली एकीपेक्षा अधिक असतील तर त्यांना मिळून दोन तृतीयांश. प्रेषितांनी चुलत्याला बोलावले आणि दोन तृतीयांश मुलींना, आठवा हिस्सा त्यांच्या आईला देऊन उरलेले स्वतः घेण्यास सांगितले.

गणिताची आवड असलेल्या एका मुलाने फळ्यावर हिशेब मांडला. चोवीस भाग केले तर सोळा मुलींचे, तीन आईचे, पाच चुलत्याचे. मग आम्ही इंग्रजीकडे वळलो. मुलीचा हिस्सा, डॉटर’स शेअर: चोवीसपैकी बारा. मुलींचा हिस्सा, डॉटर्स’ शेअर: चोवीसपैकी सोळा. कॉमा एका अक्षराने सरकला आणि चार भागांचा फरक पडला. त्या तासाला कोणी हसले नाही. ती मुलगी उभी राहिली. “सर, हम तीन बहनें हैं. भाई नहीं है. तो कॉमा एस के बाद?” आम्ही हो म्हटले. तिने वहीत लिहून घेतले आणि खाली बसली.

दुसऱ्या चाचणीत तिला वीसपैकी तेरा पडले. यावेळी आम्ही फुल्या मारल्या नाहीत. चूक जिथे होती तिथे बाजूला दखनी, उर्दू किंवा मराठी असे लिहिले, म्हणजे ती कोणत्या घरातून आली ते तिला कळावे. चाचा दाखला न्यायला आले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची अम्मी मुलीला घेऊन शाळेत आली. बुरख्याच्या आतून तिने घडी घातलेला एक कागद काढला. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा होता, घराचा. त्यावर मुलीच्या वडिलांच्या जागी एकट्या चाचांचे नाव लागलेले होते. अम्मी म्हणाली, कोणाशी भांडण करायचे नाही, त्यांचा जो हिस्सा आहे तो त्यांना मिळालाच पाहिजे. पण आमचीही नावे लागावीत म्हणून अर्ज द्यायचा आहे, तुम्ही लिहून द्याल का? आम्ही म्हटले, अर्ज मराठीत लागतो आणि तुमची मुलगी मराठी आमच्यापेक्षा शुद्ध लिहिते, तीच लिहील.

स्टाफरूमच्या टेबलाशी ती बसली. गावाचे नाव, तालुका, विषय, महोदय, सगळे रीतसर लिहिले. मग मुख्य वाक्य आले: सदर घराच्या नोंदीत माझे व माझ्या तीन मुलीची नावे लावण्यात यावीत. तिने पेन उचलले, वाक्य एकदा मनात वाचले आणि ‘ली’च्या वर टिंब दिले.